पार्टी मालकाची, आवाज बेनचा

१९६० च्या आसपासची गोष्ट आहे. अमेरिकेत टेलिव्हिजनवर 'ड्रिफ्टर्स' या नावाजलेल्या गायन पार्टीचे गाणे लागायचे. झकपक सूट घातलेले कृष्णवर्णीय तरुण ओळीने उभे असायचे. त्यातला एकजण तल्लीन होऊन गात असायचा आणि घराघरांतून माणसे माना डोलवायची. पण पडद्यावर जो ओठ हलवीत होता त्याचा तो आवाज नव्हता. ओठ हलवणारा होता चार्ली थॉमस. आवाज होता बेन नेल्सन नावाच्या २१-२२ वर्षांच्या पोराचा, आणि बेन पडद्यावर नव्हता. कारण साधे होते. त्याने आपल्या गळ्याचे योग्य दाम मागितले होते आणि मॅनेजरने ते नाकारले होते.

वाचकहो, या बेनला पुढे सगळे जग 'बेन ई. किंग' या नावाने ओळखू लागले. 'स्टँड बाय मी' हे त्याचे गाणे इंग्रजी न कळणाऱ्यांनीही कधी ना कधी रेडिओवर, सिनेमात किंवा एखाद्या दुकानात ऐकलेले असते. एका प्रसिद्ध पार्टीत हा माणूस जेमतेम दोन वर्षे होता. त्यानंतर तो ५५ वर्षे जगला आणि गायला. त्या ५५ वर्षांची ही हकिकत.

हार्लेममधले बालपण

बेंजामिन अर्ल नेल्सन याचा जन्म २८ सप्टेंबर १९३८ रोजी उत्तर कॅरोलिना राज्यातल्या हेंडरसन या गावी झाला. अमेरिकेच्या दक्षिण भागातले हे राज्य. तिथे त्या काळी कृष्णवर्णीयांना शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी आणि पाण्याचा नळही वेगळा. हे सगळे कायद्याने! गावकुसाबाहेरचे जिणे आपल्या वाडवडिलांनी भोगलेले आहे, त्यामुळे हे कसले जिणे असते ते आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

दक्षिणेतल्या या जाचाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडच्या शहरांत गेली. नेल्सन कुटुंबही १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आले. बेन तेव्हा नऊ वर्षांचा होता. हार्लेम म्हणजे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी शिक्षण घेतले, त्या विद्यापीठाला लागूनच ही वस्ती आहे.

बेनच्या वडिलांनी हार्लेममध्ये खाण्याचे एक छोटे दुकान टाकले. बेन लहानपणी चर्चमध्ये गायचा आणि थोडा मोठा झाल्यावर मित्रांबरोबर गल्लीच्या कोपऱ्यावर गाऊ लागला. वाद्ये घ्यायला पैसे नसत. मग एकाने मुख्य सूर लावायचा, दुसऱ्याने खर्ज धरायचा आणि बाकीच्यांनी तोंडानेच ठेका द्यायचा. 'डू-वॉप' नावाचा गाण्याचा प्रकार अशा गरीब पोरांच्या गळ्यातून वाढला. त्या गल्लीत राहणाऱ्या लव्हर पॅटरसन नावाच्या एका मॅनेजरने बेनचा आवाज ऐकला आणि १९५८ मध्ये त्याला 'फाइव्ह क्राऊन्स' या आपल्या पार्टीत घेतले.

एका फटक्यात नवी पार्टी

त्या वेळी 'ड्रिफ्टर्स' ही मोठी नावाजलेली पार्टी होती. क्लाइड मॅकफॅटर या गुणी गायकाने ती १९५३ मध्ये 'अटलांटिक' या रेकॉर्ड कंपनीसाठी उभी केली होती. मॅकफॅटरला सैन्यात जावे लागले. पुढे पार्टी सोडताना त्याने आपला हिस्सा मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेल यांना विकून टाकला. तेव्हापासून 'ड्रिफ्टर्स' हे नावच ट्रेडवेल यांच्या मालकीचे झाले. गाणारे सगळे पगारी नोकर. आठवड्याला ठरलेला पगार घ्यायचा आणि गायचे. रेकॉर्ड कितीही खपली तरी पगार तेवढाच.

१९५८ मध्ये हार्लेमच्या प्रसिद्ध अपोलो थिएटरात कार्यक्रम चालू असताना काही वाद झाला आणि ट्रेडवेल यांनी अख्खी पार्टी कामावरून काढून टाकली. पण थिएटरशी पुढच्या कार्यक्रमांचा करार झालेला होता. मग त्यांनी त्याच कार्यक्रमात गाणाऱ्या 'फाइव्ह क्राऊन्स'च्या पोरांना बोलावले आणि सांगितले, आजपासून तुम्ही ड्रिफ्टर्स! अशा रीतीने बेन रात्रीतून एका प्रसिद्ध पार्टीचा गायक झाला.

आपल्याकडे गिरणीत कापड विणणारा हात कोणाचा ते गिऱ्हाइकाला कधी कळत नसे. कापडावर छाप असे तो गिरणीचा. ड्रिफ्टर्सचेही तसेच होते. माणसे बदलली तरी पाटी तीच राहिली. सुरुवातीचे महिने या नव्या पोरांना फार जड गेले. गावोगावी लोक जुन्या ड्रिफ्टर्सच्या नावावर तिकीट काढून येत आणि स्टेजवर भलतीच तोंडे पाहून ओरडा करीत. त्यातून दक्षिणेतले दौरे. ज्या गावात गायचे, त्याच गावातल्या गोऱ्यांच्या हॉटेलात कृष्णवर्णीय कलावंताला ना खोली मिळे ना जेवण.

मार्च १९५९ मध्ये या नव्या पार्टीचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. 'देअर गोज माय बेबी' हे गाणे रचण्यात बेनचा हात होता. खरे तर ते चार्ली थॉमस गाणार होता. पण स्टुडिओत मायक्रोफोनपुढे तो गांगरला आणि बेनला उभे करण्यात आले. संगीतकार जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांनी गाण्यामागे व्हायोलिनचा ताफा लावला. कृष्णवर्णीयांच्या अशा गाण्यात तोवर हे कोणी फारसे केलेले नव्हते. कंपनीतल्या मोठ्या माणसांना ते मुळीच पसंत पडले नाही. पण लोकांना पसंत पडले! देशाच्या यादीत गाणे दुसऱ्या क्रमांकावर गेले. पाठोपाठ 'डान्स विथ मी' आणि 'धिस मॅजिक मोमेंट' ही गाणी आली. मे १९६० मध्ये 'सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी' या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. त्याचे शब्द डॉक पोमस या कवीचे. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस कुबड्यांवर चालायचा. स्वतःच्या लग्नात त्याला नाचता आले नव्हते. इतरांबरोबर नाचणारी नवरी तो बसून पाहत राहिला होता आणि ती आठवण या गाण्यात उतरली. बेनने ते इतक्या हळुवारपणे गायले की ऑक्टोबर १९६० मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचले.

पण गाणे पहिल्या क्रमांकावर पोचले तेव्हा बेन पार्टीत राहिला नव्हता.

"पगार वाढवा"

बेनची मागणी मोठी नव्हती. गाणी धडाधड खपत होती, कंपनी आणि मॅनेजर यांच्याकडे पैसा येत होता, मग गाणाऱ्याचाही पगार वाढावा आणि कमाईत त्याला रास्त वाटा मिळावा. त्याच्या बाजूने लव्हर पॅटरसन बोलायला गेले. उत्तर नकाराचे आले. त्यानंतर बेन दौऱ्यांवर आणि टेलिव्हिजनवर फारसा दिसेनासा झाला. तो रेकॉर्डसाठी तेवढे गायचा आणि पडद्यावर त्याच्या आवाजावर चार्ली थॉमस ओठ हलवायचा.

इथे एक गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाही. ट्रेडवेल हेही कृष्णवर्णीयच होते आणि पूर्वी स्वतः ट्रम्पेट वाजवणारे कलावंत होते. मालक आपल्यातला असला म्हणजे कष्टाचे दाम आपोआप मिळते, असे काही नाही. ते मागावे लागते आणि कागदावर लिहून घ्यावे लागते.

त्याच वर्षी, १ फेब्रुवारी १९६० रोजी, बेनच्या जन्मराज्यातल्या ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खाणावळीच्या टेबलाशी जाऊन बसले होते. त्यांना कोणी वाढले नाही, पण ते उठले नाहीत. त्यांच्या सत्याग्रहाचे लोण देशभर पसरले. बेन काही चळवळीतला कार्यकर्ता नव्हता. पण तो काळच असा होता की ठिकठिकाणी तरुण माणसे "आमचे आम्हाला द्या" असे म्हणायला शिकत होती. बेननेही निर्णय घेतला. १९६० मध्ये त्याने भरभराटीला आलेली पार्टी सोडली. खिशात फार काही नव्हते. त्याने नाव बदलले आणि तो झाला बेन ई. किंग. मधला 'ई' म्हणजे त्याचे स्वतःचे 'अर्ल' हे नाव. आता रेकॉर्डवर पार्टीची पाटी न लागता त्याचे नाव लागणार होते.

उरलेल्या वेळेतले गाणे

२७ ऑक्टोबर १९६० रोजी बेन लीबर आणि स्टोलर यांच्याबरोबर स्टुडिओत गेला. त्या दिवशी 'स्पॅनिश हार्लेम' हे गाणे झाले आणि ते पुढे देशात दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच बैठकीच्या शेवटी थोडा वेळ शिल्लक राहिला. तुझ्याकडे आणखी काही आहे का, असे बेनला विचारण्यात आले. त्याच्याकडे एक अर्धेमुर्धे गाणे होते. त्याने पुढे सांगितले की ते त्याने ड्रिफ्टर्ससाठीच केले होते, पण त्यांनी ते घेतले नाही.

ते गाणे म्हणजे 'स्टँड बाय मी'.

त्याची मुळे जुनी आहेत. याच नावाचे एक भजन १९०५ मध्ये चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांनी लिहिले होते. टिंडली यांचे वडील गुलाम होते. शाळा नशिबी नसलेला हा मुलगा स्वतःच्या जिद्दीने वाचायला शिकला. ज्या चर्चमध्ये त्याने झाडलोट केली, त्याच चर्चचा पुढे तो धर्मोपदेशक झाला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये असे संकटकाळी साथ मागणारे सूर पिढ्यान्पिढ्या घुमत होते आणि लहानपणी चर्चमध्ये गाणाऱ्या बेनच्या कानांत ते होतेच. देवाकडे मागितलेली साथ त्याने माणसाकडे मागितली. भोवती सगळे कोसळले तरी तू माझ्याजवळ असलास तर मी डगमगणार नाही, असा साधा आशय. स्टोलर यांनी त्याला एक खर्जाची चाल दिली. मोठ्या बासच्या तारांवर वाजणारे ते मोजके सूर आज जगात कुठेही वाजले तरी लोक गाणे ओळखतात.

१९६१ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली. कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत ती पहिली आणि देशाच्या मुख्य यादीत चौथी आली. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गाण्याच्या रचनाकारांत लीबर आणि स्टोलर यांच्याबरोबर बेन ई. किंग हे नाव लागले. गाणाऱ्याला पैसा मिळतो तो रेकॉर्ड खपते तोवर. रचनाकाराला मात्र ते गाणे कोणीही गायले, रेडिओवर लागले, सिनेमात घेतले तरी हक्काची रॉयल्टी मिळत राहते. हा फरक त्या काळच्या कितीतरी गुणी कलावंतांना कोणी समजावून सांगितला नाही. बेनच्या बाबतीत तो फरक पुढे त्याच्या म्हातारपणाची काठी ठरला.

पडता काळ

पुढची दोन वर्षे चांगली गेली. १९६२ मध्ये 'डोन्ट प्ले दॅट साँग' आणि १९६३ मध्ये 'आय हू हॅव नथिंग' ही गाणी गाजली. मग वारे फिरले. फेब्रुवारी १९६४ मध्ये इंग्लंडचे बीटल्स अमेरिकेत उतरले आणि तरुण पिढी तिकडे वळली. ज्या कृष्णवर्णीय गायकांची गाणी ऐकून ही इंग्रज पोरे शिकली होती, त्यांच्याच रेकॉर्डी आता मागे पडू लागल्या. त्याच वर्षी बेनचे लग्न झाले. घर चालवायचे होते आणि पुढे मुलेही झाली. १९६० चे दशक संपता संपता 'अटलांटिक' कंपनीशी असलेले त्याचे नाते तुटले.

मोठ्या थिएटरांत गाजलेला गायक आता हॉटेलांच्या छोट्या हॉलमध्ये गाऊ लागला. लोक जेवत असतात, बोलत असतात, आणि कोपऱ्यात कोणीतरी गात असतो. पण बेनने ते काम कमी लेखले नाही. गळा सांभाळला आणि व्यसनाच्या वाटेला न जाता संसार नीट केला. अशाच एका रात्री मायामी शहरात 'अटलांटिक'चे प्रमुख अहमत एर्टेगन यांनी त्याला ऐकले आणि कंपनीत परत बोलावले. १९७५ मध्ये 'सुपरनॅचरल थिंग' हे त्याचे गाणे आले. कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत ते पहिले आले आणि देशात पाचवे. पहिल्या यशानंतर १४ वर्षांनी! १९७७ मध्ये स्कॉटलंडच्या 'अॅव्हरेज व्हाइट बँड'बरोबर त्याने एक अख्खी रेकॉर्ड केली.

मग पुन्हा ओहोटी. १९८० च्या दशकात त्याने जे केले ते ऐकून नवल वाटेल. ज्या पार्टीतून तो दाम न मिळाल्याने बाहेर पडला होता, त्याच ड्रिफ्टर्सबरोबर तो इंग्लंडमध्ये काही वर्षे पुन्हा गायला. जॉर्ज ट्रेडवेल १९६७ मध्येच वारले होते आणि पार्टी त्यांच्या पत्नी चालवीत होत्या. तेव्हा बेनचे वय पंचेचाळिशीच्या घरात होते. जुना राग त्याने उराशी बाळगला नाही. काम होते, ते त्याने केले.

पंचवीस वर्षांनी पुन्हा

१९८६ मध्ये रॉब रायनर या दिग्दर्शकाने चार लहान मित्रांच्या कथेवर सिनेमा काढला आणि त्याला नाव दिले 'स्टँड बाय मी'. शेवटी बेनचे तेच जुने गाणे वाजते. १९६१ साली जन्मही न झालेल्या पोरांनी ते डोक्यावर घेतले. जुनी रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली आणि अमेरिकेत नवव्या क्रमांकावर गेली. १९८७ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ते गाणे एका जीन पँटच्या जाहिरातीत वाजले आणि तिथे थेट पहिल्या क्रमांकावर पोचले. बेन तेव्हा ४८ वर्षांचा होता.

दरम्यान ते गाणे कोणी कोणी गायले! मुष्टियोद्धा मुहंमद अली यांनी कॅशियस क्ले असतानाच ते गायले होते. १९७५ मध्ये बीटल्समधल्या जॉन लेननने ते गायले. ज्या बीटल्सच्या लाटेत बेन मागे पडला, त्यांच्यातल्याच एकाने त्याचे गाणे जगभर नेले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या 'बीएमआय' या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेने २० व्या शतकात सर्वाधिक वेळा वाजलेल्या गाण्यांची यादी काढली. तिच्यात 'स्टँड बाय मी' चौथे होते. सुमारे ७० लाख वेळा ते वाजले होते.

१९८८ मध्ये ड्रिफ्टर्सना 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या मानाच्या दालनात जागा मिळाली. तिथे पार्टीच्या नावाबरोबर गायकांची नावेही नोंदवली गेली. बेन ई. किंग आणि चार्ली थॉमस ही दोन्ही नावे त्यात आहेत. ज्याचा आवाज होता तोही आणि पडद्यावर ज्याने ओठ हलवले तोही. चार्लीचा स्वतःचा गळाही काही कमी नव्हता, हे इथे सांगायलाच हवे.

बेन न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सी राज्यात साधेपणाने राहिला. १९९८ मध्ये त्याने लहान मुलांसाठी गाणी केली. होतकरू मुलांच्या शिक्षणाला हातभार लागावा म्हणून त्याने 'स्टँड बाय मी' याच नावाची संस्था काढली. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसने, त्याच्या गाण्याची जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत निवड केली. पुढच्याच महिन्यात, ३० एप्रिल २०१५ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी बेनचे निधन झाले. ५१ वर्षे संसार केलेली पत्नी आणि तीन मुले मागे राहिली. मे २०१८ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यात प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल यांचे लग्न झाले. तेव्हा कृष्णवर्णीय गायक-गायिकांच्या संचाने तेच गाणे गायले आणि कोट्यवधी लोकांनी ते ऐकले.

ज्यांना साथ मिळाली नाही

बेनची हकिकत सुखाची झाली, पण सगळ्यांचे तसे झाले नाही. ज्या क्लाइड मॅकफॅटरने पार्टी उभी केली आणि आपला हिस्सा विकला, तो १९७२ मध्ये अवघ्या ३९ व्या वर्षी गेला. बेन गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या रूडी लुईसने 'अप ऑन द रूफ' आणि 'ऑन ब्रॉडवे' ही अजरामर गाणी दिली. मे १९६४ मध्ये एका नव्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशीच तो वारला. वय २७. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे स्टुडिओ चालू झाला आणि ते गाणे जॉनी मूरने गायले. पार्टीची पाटी तशीच राहिली.

गळा या सगळ्यांनाच होता. मॅकफॅटरचा गळा तर बेनपेक्षाही सरस होता, असे म्हणणारे पुष्कळ सापडतील. बेनला तारले ते दोन गोष्टींनी. एक, दाम मागण्याचे धाडस, तेही ऐन भरभराटीच्या काळात. आणि दुसरी, आपल्या गाण्यावर लागलेले आपले नाव.

आपल्याही घरांत गाणारी, लिहिणारी, ढोलकी वाजवणारी पोरे-पोरी आहेत. जयंतीच्या स्टेजवर एखादी मुलगी असा सूर लावते की बायाबापड्यांचे डोळे भरून येतात. उद्या कोणी तिच्यापुढे कागद ठेवील आणि सही कर म्हणेल. तेव्हा तिच्याजवळ बसून तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे घरातले कोणीतरी हवे. गाणे कोणाचे, नाव कोणाचे लागणार, आणि दहा वर्षांनी ते वाजले तर पैसे कोणाला मिळणार, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ झाले. वयाच्या २२ व्या वर्षी बेनच्या बाजूने बोलायला त्याच्या गल्लीतला एकजण उभा होता. आपल्या पोरांच्या बाजूने आपण उभे राहू या.